शेवटच्या ग्राहकाचं बिल

न्यूयॉर्क राज्याने मे 2023 मध्ये एक कायदा केला. नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांत गॅसवर चालणारी शेगडी, घर तापवणारा फर्नेस किंवा वॉटर हीटर बसवायचा नाही, सगळं विजेवर. शहरांनी असे नियम आधीच केले होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने 2019 मध्ये सुरुवात केली, न्यूयॉर्क शहराने 2021 मध्ये स्वतःचा कायदा केला. पण एखाद्या राज्याच्या विधिमंडळाने असा कायदा करण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. सात मजल्यांपर्यंतच्या बहुतेक इमारतींना तो 31 डिसेंबर 2025 पासून लागू व्हायचा होता, त्याहून उंच इमारतींना 2029 पासून. प्रोपेन-गॅसचे विक्रेते, बांधकाम व्यावसायिक आणि काही कामगार संघटना कोर्टात गेल्या. जुलै 2025 मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्यावर अपील झालं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारनेच अपिलाचा निकाल लागेपर्यंत अंमलबजावणी थांबवायचं मान्य केलं.

पुढच्याच महिन्यात गव्हर्नर कॅथी होकल यांनी आणखी एका विधेयकावर सही केली. त्याची चर्चा फार झाली नाही. त्याने एक जुना नियम मोडीत काढला, शंभर फुटांचा नियम. माझ्या मते या दोन कायद्यांत हा दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, आणि का ते पुढे येईलच.

आमच्या घरात या विषयाची दोन टोकं आहेत. माझ्या मोठ्या भावाची उभी हयात गॅस कंपनीच्या रस्त्यावरच्या कामात गेली. खोदकाम, गळती, जोडण्या, रात्रीबेरात्रीचे फोन. आता निवृत्त होऊन लाँग आयलंडवर हिक्सव्हिलला राहतो. माझी मुलगी आर्किटेक्ट आहे, हडसन खोऱ्यात लहान घरं बांधते. दोघं एकत्र आले की विषय निघतोच. त्यांचं बोलणं मी इथे मांडते आहे, आणि मला जे म्हणायचं आहे ते मध्ये मध्ये.

मामा: मुद्दा साधा आहे. घर बांधणारा माणूस कर भरतो, विमा भरतो, सगळ्या परवानग्या काढतो. त्याने ऊब गॅसची घ्यायची की विजेची, हे राजधानीत, ऑल्बनीत बसलेल्या आमदारांनी का ठरवावं?

भाची: मामा, घर बांधणारा माणूस कुठे ठरवतो? बहुतेक लोक तयार घर घेतात. फर्नेस कुठला ते बिल्डरने ठरवलेलं असतं, आणि बिल्डरला बिल भरायचं नसतं. आज बसवलेला फर्नेस वीस वर्षं चालणार, जमिनीत घातलेला पाइप पन्नास वर्षं. याच राज्याने 2019 मध्ये हवामान कायदा केलाय. 1990 च्या तुलनेत उत्सर्जन 2030 पर्यंत 40 टक्के आणि 2050 पर्यंत 85 टक्के खाली आणायचं. राज्याच्या उत्सर्जनातला जवळपास तिसरा हिस्सा इमारतींचा आहे. मग एकीकडे असा कायदा करायचा आणि दुसरीकडे दरवर्षी हजारो नव्या घरांना नळ्या जोडत राहायचं, याला काय अर्थ आहे?

मामा: आणि जुन्या घरांचं काय? आज नव्या घरांवर बंदी, उद्या माझ्या दारात येतील.

भाची: तुझ्या घराला हा कायदा हातही लावत नाही. तुझी शेगडी राहील. फर्नेस उद्या बिघडला तर नवा गॅसचाच बसव, कुणी अडवणार नाही. रेस्टॉरंटांना सूट आहे, इस्पितळांना आहे, प्रयोगशाळा, लाँड्री, दहनगृहं, सगळ्यांना आहे.

मामा: सूट द्यावी लागते याचाच अर्थ विजेवर सगळं होत नाही.

भाची: सगळं होत नाही, आणि सगळं करायलाही सांगितलेलं नाही. तीन बेडरूमचं नवं घर उबदार ठेवणं मात्र होतं.

मामा: सँडी वादळ आलं तेव्हा तू कॉलेजात होतीस. 29 ऑक्टोबर 2012. लाँग आयलंडवर दहातल्या नऊ ग्राहकांची वीज गेली, काहींकडे दोन आठवडे आली नाही. तुझ्या मामीने काडी लावून गॅस पेटवला. आमच्याकडे विजेवरच्या शेगडीवाले तीन शेजारी जेवायला होते. डिसेंबर 2022 मध्ये बफेलोला हिमवादळात वीज गेली आणि काही घरांत माणसं गारठून मेली. अशा गावाला तुम्ही सांगताय, सगळं विजेवर ठेवा.

भाची: शेगडी पेटली, कबूल. फर्नेस चालला का?

मामा: फर्नेसला पंखा लागतो.

भाची: म्हणजे वीजच लागते. बफेलोत बहुतेक घरांत गॅसचाच फर्नेस असतो, आणि वीज गेल्यावर तोही बंद पडतो. वीज गेली की ऊब जाते, मग इंधन कुठलंही असो. खरा प्रश्न हा की ऊब गेल्यावर घर किती तास तग धरतं. आणि ते भिंतींवर अवलंबून असतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या कायद्याच्या भांडणात भिंतींबद्दल कुणी बोलत नाही. मी मुलीबरोबर एकदा तिच्या साइटवर गेले होते. घर बांधून झालं होतं, राहायला कुणी आलं नव्हतं. पुढच्या दाराच्या चौकटीत त्यांनी लाल कापडाचा पडदा ताणून बसवला आणि त्याच्या खालच्या गोल भोकात मोठा पंखा लावला. पंखा घरातली हवा बाहेर खेचायला लागला तसे माझे कान किंचित दडपले. नियम असा की 50 पास्कल दाबाच्या फरकाला घरातली हवा तासाभरात 3 पेक्षा जास्त वेळा बदलता कामा नये. मीटरवर आकडा त्याहून जास्त येत होता. मग तिने पर्समधून उदबत्ती काढली, पेटवली, आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. खिडक्यांपाशी धूर सरळ वर जात होता. माळ्याच्या झडपेपाशी जरासा हलला. स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडून तिने उदबत्ती आत धरली, तर पाण्याचा पाइप जिथे भिंतीतून येतो तिथे धूर एकदम आडवा झाला आणि कपाटभर पसरला. पाइपाभोवती बोटभर फट होती. कामगाराने तिथे फोम भरला, आणखी चार-पाच ठिकाणी भरला, आणि पंखा पुन्हा लावल्यावर आकडा मर्यादेत आला. जुन्या घरांत अशा फटी शेकड्याने असतात. त्या घरांना ऊब देण्यासाठी कुठलंही यंत्र लावलं तरी बिल अवाच्या सवा येणारच.

मामा: घर घट्ट बांध, माझी हरकत नाही. मग त्या घट्ट घरात छोटा गॅसचा फर्नेस लाव ना. गॅस स्वस्त आहे.

भाची: हिशोबच करू. तुझ्या बिलात गॅस थर्ममध्ये मोजतात. एका थर्ममध्ये, विजेच्या मापात, साधारण 29 युनिट उष्णता असते. चांगल्या फर्नेसमधून त्यातली 27-28 घरात पोचते. तेवढीच उष्णता द्यायला हीट पंपाला जवळपास 10 युनिट वीज लागते, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली खेचून आत आणतो. एसी उलटा चालवावा तसा. म्हणजे तुझ्या बिलावरचा एका थर्मचा भाव बघायचा आणि दहा युनिट विजेचा भाव बघायचा. ज्याचा आकडा कमी, ते स्वस्त.

मामा: शहरात दहा युनिटला तीन डॉलर मोजावे लागतात. तेवढ्यात थर्म येऊन वर पैसे उरतील.

भाची: शहरात, हो. गॅसच्या मानाने वीज तिथे महागच पडते. वर, नायगराकडे, वीज त्याहून स्वस्त आहे. आणि नव्या घराचा हिशोब आणखी वेगळा. गॅसची जोडणी, मीटर, धुराडं, आतलं पायपिंग, हे सगळं वाचतं. उन्हाळ्यासाठी एसी बसवणारच असतोस, तोच हिवाळ्यात ऊब देतो. दोन यंत्रांऐवजी एक. दर महिन्याला गॅसचं बिल येतं त्यात एक थर्मही न जाळता भरावा लागणारा आकार असतो, तोही वाचतो.

मामा: आणि ही वीज येते कुठून? इंडियन पॉइंटची अणुभट्टी 2021 मध्ये तुम्हीच बंद केलीत. 2,000 मेगावॉट गेले. त्यांची जागा कुणी घेतली? गॅसने. म्हणजे घरात गॅस जाळायचा नाही, वीजकेंद्रात जाळायचा. गॅस तोच.

भाची: इंडियन पॉइंट बंद करायला नको होतं, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण गॅस तोच असला तरी कमी लागतो. शंभर युनिट गॅस फर्नेसमध्ये जाळलास तर 95 युनिट ऊब मिळते. तोच वीजकेंद्रात जाळला तर तारांमधली गळती वजा जाता 42-43 युनिट वीज घरी येते आणि हीट पंप तिची शंभरावर ऊब करतो, बरं हवामान असेल तर सव्वाशे. शिवाय वीज दरवर्षी थोडी थोडी सुधारता येते, जलविद्युत आण, पवनचक्क्या लाव. फर्नेस मात्र बसवला त्या दिवशी जेवढा होता तेवढाच राहतो.

मामा: कडाक्याच्या थंडीत तुझा पंप दमतो.

भाची: दमतो. उणे पंधरा-वीस सेल्सियसला त्याची क्षमता उतरते. म्हणून पंप मोठा घ्यावा लागतो आणि घर घट्ट लागतं. पण चालतो. मेन राज्यात न्यूयॉर्कपेक्षा जास्त थंडी, तिथे लोकांनी लाखावर हीट पंप बसवलेत, आणि त्यासाठी कुणी कुणावर बंदी घातलेली नव्हती.

मामा: बघ, आलीस मुद्द्यावर. बंदी न घालता बसवले.

या मुद्द्यावर दादाला खोडून काढणं सोपं नाही. बर्कलीचा कायदा तर कोर्टात टिकलाच नाही. घरगुती उपकरणांनी किती ऊर्जा वापरावी हे ठरवण्याचा अधिकार 1975 च्या कायद्याने केंद्राकडे आहे आणि शहराने आडवाटेने तेच केलं, असं नवव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी बर्कलीने तो रद्द केला. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी उलट अर्थ लावला. न्यूयॉर्कचं अपील दुसऱ्या सर्किटच्या न्यायालयापुढे गेलं, आणि ते काय म्हणतं त्यावर न्यूयॉर्कच्या कायद्याचं भवितव्य आहे. दरम्यान ॲरिझोनाने 2020 मध्ये वेगळाच कायदा केला, कुठल्याही शहराने गॅसवर बंदी घालायची नाही. वीसहून जास्त राज्यं आज त्या वाटेने गेली आहेत. वॉशिंग्टन राज्यात 2024 मध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने गॅसच्या बाजूने कौल दिला आणि पुढे एका न्यायाधीशाने तो कौल तांत्रिक कारणावरून रद्द ठरवला. लोकांचं मन वळलेलं नसताना केलेला कायदा कोर्टाच्या पायऱ्यांवरच राहतो. हे मुलीलाही कळतं. तिला घाई आहे ती पाइपाच्या पन्नास वर्षांची.

मामा: तू पाइपाबद्दल बोलतेस, पण पाइप तू पाहिलेला नाहीस. जानेवारीत जमीन गोठते, फुगते, आणि बिडाचा जुना पाइप कुठेतरी तडकतो. रात्री दोनला फोन येतो, वास येतोय. फुटपाथवर सळई ठोकून भोकं पाडायची, दर चार-पाच फुटांवर एक. प्रत्येक भोकात मीटरची नळी सोडायची आणि आकडा वाचायचा. आकडा वाढतोय त्या दिशेने पुढचं भोक. असं करत करत गळती कुठे ते सापडतं. वास फुटपाथवर येतो तिथे गळती असतेच असं नाही. गोठलेल्या जमिनीतून गॅस वर येत नाही, आडवा सरकतो आणि तळघरात शिरतो. ते काम करणारी माणसं तुमच्या कायद्याने घरी बसणार.

भाची: ईस्ट हार्लेममध्ये तूही गेला होतास ना?

मामा: 12 मार्च 2014. पार्क ॲव्हेन्यूवर 116 व्या रस्त्याजवळ. गॅसच्या स्फोटात दोन पाच मजली इमारती जमीनदोस्त, आठ माणसं गेली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर चौकशी केली. प्लास्टिकच्या पाइपाचा एक सांधा नीट जुळलेला नव्हता. आणि शेजारच्या सांडपाण्याच्या वाहिनीला भोक पडून खालची माती वाहून गेली होती, त्यामुळे पाइपाचा आधारच गेला. लोकांना आधीपासून वास येत होता, पण वेळेवर कुणी कळवलं नाही.

भाची: म्हणून जुने पाइप काढून नवे घालतायत. मैलाला कितीतरी लाख डॉलर खर्चून. तो खर्च ग्राहकाच्या बिलात पुढची कित्येक दशकं चढत राहतो. आणि तरी गळती शून्य होत नाही. जाळण्याआधीच जो मिथेन हवेत जातो तो वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट जास्त तापवतो. तुमच्या माणसांनी जिवावर उदार होऊन काम केलं, याबद्दल मला शंका नाही. मी विचारतेय की त्यांना अजून नवे पाइप का घालायला लावायचे?

मामा: माझी आई पुण्यात अजून सिलिंडर लावते. तिच्या सोसायटीत नळी येणार म्हणून सगळी बिल्डिंग वाट बघतेय. मुंबईत महानगर गॅस 1995 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ज्या घरात नळी गेली तिथल्या बाईचा सिलिंडर संपण्याचा घोर गेला. तिकडे सरकार नळ्या वाढवतंय, इकडे कमी करतंय.

भाची: आजीच्या घरात गॅस फक्त स्वयंपाकाला. तुझ्या घरात शेगडीला किती जातो? अगदी थोडा. बाकी सगळा घर आणि पाणी तापवण्यात. आजीला नळी आली तर मला आनंदच होईल. तिच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल घर तापवावं लागत नाही.

मामा: वांगं कशावर भाजणार?

भाची: ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली. साल जळते, वास येतो. भाकरी मात्र तशी फुगत नाही, हे मान्य.

आता शंभर फुटांचा नियम. राज्यातला हा जुना नियम सांगत होता की घर तापवण्यासाठी गॅस मागणाऱ्याचं घर मुख्य वाहिनीपासून 100 फुटांच्या आत असेल, तर तिथवर पाइप टाकायचा खर्च कंपनीने करायचा. कंपनी तो खर्च स्वतःच्या खिशातून करत नाही. तो सगळ्या ग्राहकांच्या बिलांत वाटला जातो. नियम रद्द करणाऱ्यांचं म्हणणं होतं की याचा बोजा वर्षाला सुमारे 20 कोटी डॉलर पडत होता.

मामा: तो नियम कुणाला लुटायला केला नव्हता. त्या काळी घरोघर तळघरात तेलाच्या टाक्या होत्या, त्याआधी कोळसा. गॅस त्याहून स्वच्छ. जितकी जास्त घरं जोडली जातील तितका वाहिनीचा खर्च जास्त लोकांत वाटला जाईल, सगळ्यांचंच बिल उतरेल. मी स्वतः अशी कितीतरी घरं जोडलीत. तेलाची टाकी काढून टाकताना लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो खोटा नव्हता.

भाची: तेव्हा खरा होता तो हिशोब. पण अलीकडे राज्य एका हाताने गॅस कमी करायला सांगत होतं आणि दुसऱ्या हाताने ब्रॉन्क्समधल्या भाडेकरूच्या बिलातून कुठल्याशा नव्या वसाहतीच्या पाइपाचे पैसे काढत होतं. नियम गेला म्हणजे गॅस बंद झाला असं नाही. हवा असेल त्याने घ्यावा. खर्च स्वतः करावा, एवढंच.

मामा: याला माझी हरकत नाही. खरं सांगतो, ज्याला हवं त्याने पैसे भरावेत, हे मला पटतं. बंदीपेक्षा हे बरं.

या एका वाक्यासाठी मी हा सगळा संवाद लिहिला. बंदी म्हटलं की माणसं आपापल्या बाजूला जाऊन उभी राहतात. पण शेजाऱ्याच्या पाइपाचे पैसे माझ्या बिलातून का, असं विचारलं की गॅस कंपनीत आयुष्य काढलेला माणूसही मान डोलावतो. होकल यांनी आधी शंभर फुटांचा नियम काढला असता आणि बंदी नंतर आणली असती, तर कदाचित बंदीची गरजच कमी लागली असती. हजारो डॉलरचा पाइप स्वतः टाकायची वेळ आली की बिल्डर हीट पंपाचा भाव काढतोच.

पण दादा तिथेच थांबला नाही, आणि त्याने पुढे जे विचारलं त्याचं उत्तर मुलीकडेही पुरतं नव्हतं.

मामा: नव्या घरांचं सोड. जुन्यांचं बोल. समजा एका गल्लीत साठ घरं एका वाहिनीवर आहेत. ज्यांच्याकडे पैसा आहे ते घर घट्ट करून हीट पंप बसवतील आणि गॅस तोडतील. वीस गेले. चाळीस राहिले. वाहिनी तेवढीच लांब, दुरुस्ती तेवढीच. प्रत्येकाचा वाटा दीडपट झाला. मग आणखी दहा जातील. शेवटी कोण राहील? ज्याला घरमालक हीट पंप बसवून देत नाही तो भाडेकरू, आणि पेन्शनवर जगणारी म्हातारी. त्यांच्या बिलावर शहरभरचे पाइप. तुमच्या कायद्यात त्यांचं नाव कुठे आहे?

भाची: या कायद्यात नाही. दुसऱ्या एका विधेयकात होतं.

मामा: जे मंजूर झालं नाही.

भाची: नाही झालं. राज्याच्या सिनेटने एकापेक्षा जास्त वेळा संमत केलं, असेंब्लीत अडकलं. त्यात दोन गोष्टी होत्या. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या घराचं ऊर्जेचं बिल उत्पन्नाच्या 6 टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. आणि गॅस पुरवलाच पाहिजे ही कंपनीवरची सक्ती सैल करायची. आज तुझ्या त्या गल्लीत साठातली एकोणसाठ घरं विजेवर यायला तयार असली आणि एकाने नाही म्हटलं, तर त्या एकासाठी अख्खी वाहिनी ठेवावी लागते. नवा पाइप घालायच्या पैशात सगळ्या साठ घरांना हीट पंप बसवून देता येईल अशी जागा असते, तरी कंपनीला ते करता येत नाही.

मामा: म्हणजे त्या एकाला जबरदस्तीने तोडायचं.

भाची: फुकट बसवून द्यायचं, आणि बिल वाढणार नाही याची हमी द्यायची.

मामा: हमी कोण देणार? सरकार? मे 2020 मध्ये याच सरकारने न्यू जर्सीहून समुद्राखालून येणारी पाइपलाइन नाकारली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तीच मंजूर केली. 2019 मध्ये ब्रुकलिन, क्वीन्स, लाँग आयलंडमध्ये गॅस कंपनीने पुरवठा पुरणार नाही म्हणून नव्या जोडण्याच थांबवल्या. लोकांची घरं बांधून तयार, ऊब नाही. तेव्हा गव्हर्नर कुओमोंनी परवाना काढून घ्यायची धमकी दिली आणि जोडण्या पुन्हा चालू झाल्या. आज कमी करा, उद्या वाढवा. या लोकांच्या शब्दावर म्हातारीने नळी तोडायची?

मुलगी यावर काही वेळ बोलली नाही. मग तिने मॅसॅच्युसेट्सचा विषय काढला.

भाची: मामा, फ्रॅमिंगहॅमला जाऊन ये एकदा. बॉस्टनच्या पश्चिमेला. तिथल्या गॅस कंपनीने 2024 मध्ये एका वस्तीखाली पाण्याच्या वाहिन्या टाकल्या. काहीशे फूट खोल भोकं घेऊन जमिनीतली ऊब वर आणायची, ती रस्त्याखालच्या पाइपातून फिरवायची, आणि प्रत्येक घरात हीट पंप. घरं, दुकानं, अग्निशामक केंद्र, सगळं एका जाळ्यावर. हवेवर चालणाऱ्या पंपासारखा तो थंडीत दमत नाही, कारण खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास तेच.

मामा: पाइप कसला?

भाची: पॉलिएथिलीनचा.

मामा: म्हणजे आमचाच. सांधे?

भाची: तापवून जोडतात. फ्यूजन.

मामा: मग ते काम आमच्या पोरांना येतं.

भाची: तेच तर सांगतेय. न्यूयॉर्कनेही 2022 मध्ये कायदा केला, गॅस कंपन्यांना अशी जाळी उभारायची मुभा दिली. त्यात कामगारांच्या नोकऱ्यांची तरतूद आहे. खोदणारे तेच, सांधे जोडणारे तेच, रात्री फोन आला तर जाणारेही तेच. फरक एवढाच की सांधा सुटला तर पाणी गळेल.

दादाने त्यानंतर मुलीला पाइपाचा व्यास विचारला, खोली विचारली, जोडणीच्या खड्ड्यात किती माणसं लागतात ते विचारलं. कायद्याबद्दल त्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. घरात काय वापरायचं हे राज्याने सांगू नये, हे त्याचं म्हणणं कायम आहे आणि मला ते पटत नाही. बिल्डर आज जो पाइप घालतो त्याचे पैसे पुढे जन्माला येणारी माणसं भरणार आहेत, आणि त्यांच्या वतीने कुणीतरी नाही म्हणायला हवं. नव्या घरांवरची मर्यादा योग्यच आहे. पण शेवटच्या ग्राहकाबद्दल दादाने जे विचारलं त्याचं उत्तर दिल्याशिवाय राज्याने ही मर्यादा घातली, ही चूक आहे. नव्या घरांचा कायदा करायला राजकीय किंमत कमी पडते, कारण न बांधलेल्या घरात मतदार राहत नाही. जुन्या गल्ल्यांची बिलं कोण भरणार हे ठरवायला जी हिंमत लागते ती असेंब्लीने अजून दाखवलेली नाही.

क्वीन्समध्ये, लाँग आयलंडवर, वेस्टचेस्टरमध्ये आपली मराठी घरं पुष्कळ आहेत. काहीजण घर बांधतायत, काहीजण भाड्याने दिलेल्या घरांचे मालक आहेत. बांधणाऱ्यांनी बिल्डरकडून गॅस आणि हीट पंप, दोन्हींचा हिशोब लेखी मागावा, थर्मचा भाव आणि दहा युनिटांचा भाव शेजारी शेजारी ठेवून. घरमालकांनी भाडेकरूच्या खिडक्यांच्या फटी आधी बुजवाव्यात. आणि सगळ्यांनीच आपापल्या असेंब्ली सदस्याला पत्र लिहून विचारावं की 6 टक्क्यांची ती मर्यादा घालणारं विधेयक असेंब्लीत का अडकलं, आणि तशी मर्यादा मंजूर करायला तुम्ही मत देणार की नाही.